जनावराचं औषध माणसाने घेतल्याची बातमी कशी लिहावी? आयव्हरमेक्टिनवरून आलेल्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिन्नर तालुक्यात स्थानिक बातम्यांचं पान चालवणाऱ्या एका गृहस्थांनी सप्टेंबर २०२१ मध्ये 'अमेरिकेत कोरोनावर घोड्याचं औषध, लोक दवाखान्यात' अशी बातमी दिली होती. ते औषध म्हणजे आयव्हरमेक्टिन, जंत मारणारं. खाली वाचकांनी विचारलं, हेच औषध आम्हाला इथल्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, मग आम्हाला जनावराचं औषध दिलं का? काहींनी बातमीच खोटी ठरवली. ती बातमी आजही फिरते आहे. त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: खरं काय होतं, अशी बातमी लिहायची कशी आणि जुन्या बातमीचं आता काय करायचं.

मी पशुवैद्यक आहे आणि औषधांबद्दलच्या बातम्या छापून जाण्याआधी तपासून द्यायचं काम करते. माणसांवर उपचार सुचवणं माझ्या परवान्यात बसत नाही. म्हणून तो भाग प्रसिद्ध झालेल्या सूचना आणि चाचण्यांपुरताच ठेवते.

तुमच्या बातमीत खोटं असं फारसं नव्हतं. अडचण वेगळी होती. औषध कोणत्या जनावराचं हे वाचकाला कळलं, पण ते कोणत्या स्वरूपात होतं, किती घेतलं, कशात विरघळवलेलं होतं आणि किती वेळा घेतलं, यातलं काहीच कळलं नाही. विषबाधा होते ती या चार गोष्टींमुळे. जनावराचं नाव मथळ्यात उठून दिसतं म्हणून बातमी तिथेच थांबते.

आधी वाचकांच्या शंकेचं उत्तर. हो, औषध तेच आहे. जपानमधल्या इतो शहराजवळच्या मातीतून सातोशी ओमुरा यांनी एक जिवाणू वेगळा काढला. मर्क कंपनीत विल्यम कॅम्पबेल यांच्या गटाने त्यातून जंतांवर चालणारं द्रव्य शोधलं आणि त्यावरूनच आयव्हरमेक्टिन तयार झालं. जनावरांसाठी ते १९८१ मध्ये बाजारात आलं. आफ्रिकेतल्या नदीकाठच्या अंधत्वाच्या रोगावर ते १९८७ पासून माणसांना दिलं जाऊ लागलं. २०१५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ओमुरा, कॅम्पबेल आणि मलेरियाच्या औषधासाठी तू यूयू यांना विभागून मिळालं. आपल्याकडे खरजेसाठी त्वचारोगतज्ज्ञ या गोळ्या लिहितात आणि हत्तीरोग निर्मूलनाच्या मोहिमेत काही जिल्ह्यांत डीईसी आणि अल्बेंडाझोल या दोन औषधांसोबत त्या दिल्या जातात. जंतांसाठी माणसाला किलोला १५० ते २०० मायक्रोग्रॅम अशी मात्रा असते, तीही बहुतेक वेळा एकदाच. त्यामुळे २०२१ मध्ये ज्यांना डॉक्टरांनी १२ मिलिग्रॅमची गोळी दिली, त्यांना माणसांसाठी बनवलेलं औषधच मिळालं होतं. 'ते घोड्याचं आहे' असं त्यांना सांगितलं की ते लगेच ओळखतात की बातमी देणाऱ्याला पूर्ण माहिती नाही. मग बातमीतला खरा इशाराही ते सोडून देतात.

आता गोठ्यातली बाटली बघू. तिच्यावर १ टक्का असं लिहिलेलं असतं, म्हणजे एका मिलीत १० मिलिग्रॅम औषध. गायीला ते कातडीखाली, ५० किलो वजनाला १ मिली या हिशेबाने देतात. ४०० किलोच्या गायीला ८ मिली, म्हणजे ८० मिलिग्रॅम. ५० मिलीच्या बाटलीत एकूण ५०० मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे १२ मिलिग्रॅमच्या चाळीसहून जास्त गोळ्यांइतकं. घरातला ५ मिलीचा चमचा भरला की त्यात ५० मिलिग्रॅम येतं, चार गोळ्यांहून जास्त. अमेरिकेत मिळणारी घोड्याची पेस्ट १.८७ टक्क्यांची असते आणि ६.०८ ग्रॅमच्या एका नळीत साधारण ११३ मिलिग्रॅम औषध भरतं. ती जवळपास ५६७ किलोच्या घोड्यासाठी असते. तिच्या दट्ट्यावर वजनाच्या खुणा आणि एक फिरती कडी असते. कडी खुणेवर नीट अडकली नाही तर दट्टा शेवटपर्यंत जातो आणि अख्खी नळी रिकामी होते. पाठीच्या कण्यावर ओतायचं औषध अर्ध्या टक्क्याचं असतं. कातडीतून थोडंच आत जातं म्हणून त्याची मात्रा किलोला ५०० मायक्रोग्रॅम ठेवलेली असते. तेच पोटात घेतलं तर तो हिशेब पार कोलमडतो. जनावरांच्या काही मोठ्या गोळ्यांमध्ये (बोलस) आयव्हरमेक्टिनसोबत फेनबेंडाझोल हे दुसरं जंतनाशक असतं, तर काही इंजेक्शनांत यकृतातल्या पानासारख्या चपट्या कृमींसाठी क्लोरसुलॉन. बातमीत नुसतं 'आयव्हरमेक्टिन' लिहिलं की हे दुसरं औषध नजरेआड होतं.

द्रावकाकडे, म्हणजे औषध ज्यात विरघळवलेलं असतं त्या द्रवाकडे, तर कोणीच बघत नाही. गायीच्या १ टक्का इंजेक्शनात प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरॉल फॉर्मल वापरतात. पाठीवर ओतायच्या औषधात अल्कोहोलसारखं द्रावक असतं, कारण ते केसांतून कातडीवर पसरायला हवं. जनावराच्या कातडीखाली किंवा पाठीवर ते किती चालतं हे तपासलेलं असतं. माणसाने ते प्यायल्यावर काय होतं, यासाठी ते कोणी तपासलेलंच नाही. 'औषध तेच, मग बाटलीतलं घेतलं तर काय बिघडलं?' असं विचारणाऱ्याला सांगायची गोष्ट ही आहे.

आणखी एक चूक वारंवार होते. जनावराच्या लेबलवरचा हिशेब एकदाच द्यायच्या मात्रेचा असतो. महामारीत फिरणारे सल्ले मात्र 'रोज पाच दिवस' किंवा 'आठवड्यातून दोनदा, कोरोना जाईपर्यंत' असे होते. आयव्हरमेक्टिन चरबीत विरघळतं आणि शरीरातून हळूहळू बाहेर पडतं. पहिली मात्रा पचली म्हणून दुसरी, तिसरी घेत गेलं की ते साठत जातं. लेबल नीट वाचणारा माणूसही इथे फसतो.

साठलं तर बिघडतं काय? हे औषध जंतांच्या मज्जापेशी लुळ्या करतं. सस्तन प्राण्यांत ते मेंदूपर्यंत फारसं पोचत नाही, कारण रक्त आणि मेंदूमधल्या पडद्यावर पी-ग्लायकोप्रोटीन नावाचं प्रथिन ते बाहेर ढकलत असतं. कॉली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांत या प्रथिनाच्या जनुकात दोष असतो. त्यामुळे गायीला सहज चालणारी मात्रा त्यांना मेंदूची विषबाधा करते. पशुवैद्यकाला हे पहिल्या काही वर्षांतच शिकवलेलं असतं. माणसात मात्रा फार वाढली, किंवा या प्रथिनाला अडवणारं दुसरं औषध चालू असलं, तर हा पडदा अपुरा पडतो. मळमळ, उलट्या आणि जुलाबाने सुरुवात होते. रक्तदाब उतरतो, चक्कर येते, चालताना तोल जातो, भ्रम होतो. पुढे झटके आणि बेशुद्धीपर्यंत जातं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वेगळाच.

हे पुस्तकापुरतं नव्हतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २६ ऑगस्ट २०२१ च्या सूचनेत दोन रुग्णांची नोंद दिली आहे. एकाने गायीसाठीचं इंजेक्शन पिऊन घेतलं. भ्रम, गुंगी, भास, श्वासाचा वेग वाढणं आणि थरथर अशी लक्षणं दिसली आणि नऊ दिवस रुग्णालयात राहिल्यावर तो बरा झाला. दुसऱ्याने इंटरनेटवरून मागवलेल्या, ताकद माहीत नसलेल्या गोळ्या रोज पाच अशा पाच दिवस खाल्ल्या. म्हणजे एकाला गोठ्यातली बाटली बाधली, तर दुसऱ्याला गोळ्या. ओरेगॉनच्या विषबाधा केंद्राने ऑगस्ट २०२१ मधल्या २१ जणांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातल्या १७ जणांनी जनावरांचं औषध विकत घेतलं होतं आणि ६ जणांना दाखल करावं लागलं. त्यामुळे 'हे सगळं माध्यमांनी रचलं' हे म्हणणं टिकत नाही.

पण माध्यमांच्या चुकाही खऱ्या आहेत. त्या नेमक्या काय होत्या हे बघितलं तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं.

मिसिसिपी राज्याच्या आरोग्य विभागाने ऑगस्ट २०२१ मध्ये कळवलं की आयव्हरमेक्टिनबद्दल आलेल्या फोनपैकी किमान ७० टक्के फोन जनावरांचं औषध घेतलेल्यांचे आहेत. काही बातम्यांत त्याचं झालं, 'विषबाधा केंद्राला येणारे ७० टक्के फोन आयव्हरमेक्टिनचे'. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेला दुरुस्ती द्यावी लागली: आयव्हरमेक्टिनचे फोन एकूण फोनच्या सुमारे २ टक्के होते, आणि ७० टक्के हे त्या २ टक्क्यांतले. शिवाय विषबाधा केंद्राला आलेला फोन म्हणजे विषबाधा झालीच असं नसतं. 'घेतलं तर चालेल का?' असं विचारणाराही तिथे फोन करतो.

ओक्लाहोमातलं प्रकरण त्याहून वाईट. एका डॉक्टरच्या मुलाखतीवरून रोलिंग स्टोन या अमेरिकी मासिकाने बातमी केली की आयव्हरमेक्टिनच्या रुग्णांनी रुग्णालयं इतकी भरली आहेत की बंदुकीची गोळी लागलेल्यांना ताटकळावं लागतंय. त्या डॉक्टरने जिथे काम केलं होतं, त्यातल्या एका रुग्णालयाने खुलासा केला की हे डॉक्टर दोन महिन्यांहून अधिक काळ इथे आलेलेच नाहीत आणि आयव्हरमेक्टिनच्या अतिमात्रेचा एकही रुग्ण आम्ही तपासलेला नाही. बातमीसोबतच्या छायाचित्रात लोक जाड कोट घालून रांगेत उभे होते. ते जानेवारीत लसीसाठी थांबलेल्यांचं होतं, आणि बातमी सप्टेंबरची. ज्या रुग्णालयाबद्दल लिहिलंय तिथे एक फोन केला असता तर ही बातमी त्या रूपात निघालीच नसती.

तिसरी चूक सुराची. २१ ऑगस्ट २०२१ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ट्विट केलं की तुम्ही घोडा नाही, गाय नाही, बंद करा हे. ते जगभर गाजलं. काही दिवसांनी जो रोगन या प्रसिद्ध पॉडकास्टकाराने डॉक्टरांकडून मिळालेलं आयव्हरमेक्टिन घेतल्याचं सांगितलं, तेव्हा सीएनएनवर त्यालाही घोड्याचं औषध म्हटलं गेलं. ऑक्टोबरमध्ये सीएनएनचेच डॉक्टर संजय गुप्ता यांनी त्याच्या कार्यक्रमात कबूल केलं की तसं म्हणायला नको होतं. या सगळ्यात एक मोठी गोष्ट मागे पडली. १३ ऑगस्ट २०२१ ला संपलेल्या एकाच आठवड्यात अमेरिकेत आयव्हरमेक्टिनच्या ८८,००० हून अधिक चिठ्ठ्या गेल्या होत्या. महामारीपूर्वी आठवड्याला सरासरी ३,६०० जात. म्हणजे या औषधाचा बराच मोठा वापर डॉक्टरांच्या हातून, माणसांच्या गोळ्यांमधून होत होता. खरी बातमी तिथे होती. घोड्याचं चित्र लावून ती झाकली गेली.

उलट दिशेची चूक मार्च २०२० मध्ये झाली. ॲरिझोनात एका जोडप्याने माशांच्या टाकीत परोपजीवींसाठी वापरतात ते क्लोरोक्वीन फॉस्फेट घेतलं आणि पतीचा मृत्यू झाला. सुरुवातीच्या काही मथळ्यांत फक्त 'क्लोरोक्वीन घेऊन मृत्यू' असं आलं. तिथे औषध कोणत्या स्वरूपातलं हे सांगणं अत्यावश्यक होतं आणि नेमकं तेच गळलं. ज्यांना डॉक्टरांनी हे औषध कायमचं दिलेलं असतं त्यांनी असा मथळा वाचून काय करायचं?

आता नाशिकच्या बाजूने. अमेरिकेतली बातमी इकडे उचलताना ते लोक गोठ्यातल्या औषधाकडे का गेले, हा प्रश्न विचारायला हवा होता. तिकडे तेव्हा माणसांच्या गोळीला चिठ्ठी लागायची, जनावरांची पेस्ट मात्र पशुखाद्याच्या दुकानात सहज मिळायची. आपल्याकडे परिस्थिती उलटी होती. एप्रिल २०२१ च्या केंद्रीय उपचार सूचनांत सौम्य रुग्णांसाठी 'देता येईल' या गटात आयव्हरमेक्टिन होतं, किलोला २०० मायक्रोग्रॅम, तीन दिवस. मे महिन्यात गोवा सरकारने १८ वर्षांवरच्या सगळ्यांना ते प्रतिबंधासाठी देण्याची घोषणा केली. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र मार्चमध्येच सांगितलं होतं की चाचण्यांबाहेर वापरू नका. मेच्या अखेरीस आरोग्य सेवा महासंचालनालयाने आपल्या सूचनांतून ते वगळलं आणि सप्टेंबरमध्ये आयसीएमआर आणि एम्सच्या सूचनांतूनही ते गेलं. ज्या औषधाची पट्टी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळते, त्यासाठी कोणी गोठ्यात कशाला जाईल? आपल्याकडचा गैरवापर म्हणजे चिठ्ठीशिवाय घेतलेल्या, जास्त दिवस खाल्लेल्या, इतर औषधांसोबत मिसळलेल्या माणसांच्या गोळ्या. सिन्नर, निफाडच्या बातमीदाराने तो प्रश्न मेडिकलवाल्यांना विचारायचा होता.

म्हणून बातमी बरोबर होती की चूक, हे तारखेवरही अवलंबून असतं. एप्रिल २०२१ मध्ये गोळी घेणाऱ्याला मूर्ख म्हणणं अन्यायाचं, कारण सरकारी कागदात ती होती. ऑक्टोबरमध्ये तीच गोळी सुचवणं चूक. मधल्या काळात पुरावा बदलत गेला. सगळ्याची सुरुवात एप्रिल २०२० मधल्या ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगापासून झाली. त्यात प्रयोगशाळेतल्या पेशींवर ५ मायक्रोमोलर इतकं आयव्हरमेक्टिन वापरलं आणि विषाणू जवळपास संपले. ५ मायक्रोमोलर म्हणजे एका मिलीत सुमारे ४,४०० नॅनोग्रॅम. माणसाने १२ मिलिग्रॅमची गोळी घेतल्यावर रक्तात मिलीला जेमतेम ५० नॅनोग्रॅमच्या आसपास पोचतात. हा जवळपास नव्वदपटीचा फरक तेव्हाच्या बातम्यांत असता तर पुढचं बरंच टळलं असतं. एक इजिप्शियन अभ्यास, ज्यावर अनेकांनी भरवसा ठेवला होता, त्यातल्या आकड्यांवर गंभीर आक्षेप आल्याने जुलै २०२१ मध्ये काढून टाकला गेला. मार्च २०२२ मध्ये ब्राझीलमधल्या १,३५८ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. किलोला ४०० मायक्रोग्रॅम, तीन दिवस देऊनही दाखल होण्याचं प्रमाण कमी झालं नाही.

इथपर्यंत थोडक्यात: औषध माणसांचंही आहे, विषबाधा खरी होती, आकडे अनेकदा चुकीचे दिले गेले आणि आपल्याकडचा गैरवापर अमेरिकेतल्यापेक्षा वेगळा होता.

आता लिहायचं कसं. पुन्हा अशी घटना कानावर आली तर सर्वांत आधी बाटलीचा किंवा पट्टीचा फोटो मागवा. ऐकीव नावावर जाऊ नका. आपल्या औषध नियमांप्रमाणे फक्त जनावरांसाठी असलेल्या औषधावर 'माणसांच्या वापरासाठी नाही, केवळ जनावरांच्या उपचारासाठी' अशा अर्थाची ओळ आणि पाळीव जनावराच्या डोक्याचं चिन्ह असावंच लागतं. ते चिन्ह दिसलं की अर्धी बातमी पक्की. त्याच फोटोतून औषधाचं मूळ नाव, टक्केवारी आणि सोबत दुसरं औषध आहे का, हे उतरवून घ्या. बातमीसोबतही तोच फोटो लावा, बॅच आणि दुकानाचा शिक्का झाकून. घोड्याचं भलतंच चित्र शोधून लावू नका.

नाशिक जिल्ह्यात एक जास्तीची काळजी घ्यायला हवी. द्राक्षबागायतदाराच्या घरी लाल कोळीसाठी ॲबामेक्टिन आणि फुलकिड्यांसाठी इमामेक्टिन असतंच. दोन्ही आयव्हरमेक्टिनच्याच कुळातली, पण ती फवारणीची कीटकनाशकं आहेत. कोणी फोनवर घाईत 'मेक्टिन घेतलं' असं सांगतं आणि बातमीत आयव्हरमेक्टिन छापून येतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांसाठीही हा फरक महत्त्वाचा असतो. म्हणून नाव अक्षर न् अक्षर तपासा.

मग कोणाला विचारायचं? जनावराची मात्रा, द्रावक आणि लेबल यांसाठी पशुवैद्यक. माणसाची लक्षणं आणि उपचार यांसाठी रुग्णाला पाहणारे डॉक्टर किंवा जिल्हा रुग्णालय. औषध चिठ्ठीशिवाय विकलं गेलं का, यासाठी अन्न व औषध प्रशासन. पशुवैद्यकाला 'माणसाने किती घेतलं तर चालेल?' असं विचारू नका, आणि कोणी उत्तर दिलं तरी छापू नका. आकडा कोणीही दिला तरी लगेच दोन प्रश्न विचारा: कशापैकी? आणि किती दिवसांत? 'तालुक्यात दहा रुग्ण' असं कळलं तर ते दहाही जण त्या औषधामुळेच दाखल झाले, की दाखल झाल्यावर चौकशीत औषध घेतल्याचं निघालं, हेही विचारा.

मजकुरात धोका समजावा म्हणून एकूण प्रमाण द्यायला हरकत नाही. एका बाटलीत किती गोळ्यांइतकं औषध असतं, एक चमचा म्हणजे किती, हे वाचून माणूस हात आखडता घेतो. पण किलोप्रमाणे माणसासाठी मिलीचा हिशेब मांडू नका, 'अमुक इतकं सुरक्षित' असं लिहू नका आणि दुकानाचं नाव किंवा भाव देऊ नका. असा मजकूर कात्रण होऊन कृती म्हणून फिरतो. घेणाऱ्याची टिंगलही करू नका. एप्रिल २०२१ मध्ये नाशिकमध्ये प्राणवायूची, खाटांची आणि रेमडेसिव्हिरची काय स्थिती होती हे आपण सगळ्यांनी पाहिलं. घरात तापाने फणफणलेलं माणूस आणि दवाखान्यात जागा नाही, अशा वेळी हाताशी असलेल्या बाटलीकडे हात जातो. त्याला वेडं ठरवलं तर पुढचा माणूस घेतलेलं औषध डॉक्टरांपासून लपवेल, आणि उपचार तिथे अडतो.

प्रत्येक अशा बातमीत मदतीची माहिती हवीच. जनावराचं औषध पोटात गेलं असेल तर उलटी करायला लावू नये, मीठपाणी किंवा दूध पाजत बसू नये, बाटली आणि वेष्टन सोबत घेऊन दवाखान्यात जावं, किती आणि कधी घेतलं ते सांगावं. १०८ ला फोन करावा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक विनामूल्य आहे.

जाता जाता एक सांगते. आयव्हरमेक्टिनबद्दल आपल्याकडे जी बातमी क्वचित होते ती दुधाची. हे औषध चरबीत विरघळत असल्याने दुधात उतरतं. म्हणूनच दूध विकलं जातं त्या गायी-म्हशींना हे इंजेक्शन देऊ नये असं अनेक लेबलांवर लिहिलेलं असतं. गोचिडांचा त्रास वाढला की ते दिलं जातं आणि दूध नेहमीसारखं डेअरीला जातं. तुमच्या पानाला गावातला विषय हवा असेल तर हा घ्या. पशुवैद्यकीय दवाखान्यात याची माहिती कोणीही आनंदाने देईल.

शेवटचा प्रश्न, जुन्या बातमीचा. ती काढून टाकू नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनावर काही डॉक्टरांनी दावा केला होता. मार्च २०२४ मध्ये तडजोड झाली आणि प्रशासनाने ती गाजलेली ट्विट आणि संबंधित मजकूर हटवला. औषध कोरोनावर चालत नाही हे त्यांचं मत बदललेलं नव्हतं, तरी 'बघा, शेवटी कबूल केलं' असा अर्थ लगेच पसरला. गुपचूप काढलेल्या मजकुराचं असंच होतं. त्याऐवजी बातमीच्या अगदी वर, तारखेसह, अशी दुरुस्ती घाला: 'आयव्हरमेक्टिन हे जंत आणि खरूज यांसाठी माणसांनाही दिलं जाणारं औषध आहे. अमेरिकेत काहींनी जनावरांसाठीचं इंजेक्शन किंवा पेस्ट घेतली, तर काहींनी माणसांच्या गोळ्या जास्त प्रमाणात घेतल्या. भारतात एप्रिल २०२१ च्या उपचार सूचनांत ते होतं, सप्टेंबर २०२१ पर्यंत वगळण्यात आलं. पुढच्या मोठ्या चाचण्यांत कोरोनावर त्याचा फायदा दिसला नाही. मूळ मथळ्यात हा फरक स्पष्ट नव्हता.'

मथळाही बदला. 'जनावरांचं आयव्हरमेक्टिन घेतल्याने अमेरिकेत काही जण रुग्णालयात' एवढं पुरेसं आहे. घोड्याचं चित्र काढून लेबलवरच्या चिन्हाचा फोटो लावा. फेसबुक आणि व्हॉट्सॲप जुना मथळा आणि चित्र साठवून ठेवतात, त्यामुळे पानावर बदल केला तरी शेअर करताना जुनंच दिसू शकतं. फेसबुकच्या शेअरिंग डीबगर या साधनात दुवा टाकून तो नव्याने उचलायला लावा. मग दुरुस्त केलेला दुवा जिथे मूळ बातमी टाकली होती त्याच गटांमध्ये पुन्हा टाका, आणि ज्या वाचकांनी शंका विचारली होती त्यांच्या प्रत्येक प्रतिक्रियेखाली दोन ओळींत उत्तर द्या.